सिस्टर त्याच, सेवा वेगळी : एका सर्जिकल वॉर्डाच्या परिचर्येचे परीक्षण

आईच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने एका खासगी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डातील परिचर्या सेवा मला दिवसाही आणि रात्रीही जवळून पाहता आली. हे परीक्षण केवळ त्या सेवेचे आहे. शल्यचिकित्सकांचे कौशल्य, वॉर्डाची स्वच्छता, विम्याच्या कागदपत्रांचा काउंटर यांविषयी तक्रार करण्यासारखे विशेष काही नव्हते, म्हणून ते विषय येथे घेतलेले नाहीत. परिचर्येला मात्र एकच गुण देणे मला शक्य नाही. सकाळच्या आणि दुपारच्या ड्यूटीला पाचपैकी साडेचार, रात्रीच्या ड्यूटीला पाचपैकी दोन, आणि रात्रीची ड्यूटी ज्यांनी आखली त्या व्यवस्थापनाला पाचपैकी एक, असे माझे गुण आहेत. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मी पाहिले ते त्या एकाच इमारतीत घडत असते तर एवढे सविस्तर लिहिण्याची गरज पडली नसती.

भरती होण्यापूर्वी या रुग्णालयाविषयी लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी वाचले होते. काहींनी ‘सिस्टर फार प्रेमळ आहेत’ असे लिहिले होते, तर काहींनी ‘स्टाफ उद्धट आहे, बेल वाजवत बसावे लागते, कोणी फिरकत नाही’ असे. वॉर्ड तोच, माणसे तीच, आणि दोन्ही अभिप्राय खरे निघाले. आपण सारे अभिप्राय लिहिताना परिचारिकेच्या स्वभावाला गुण देतो. त्या ड्यूटीत तिच्या वाट्याला किती रुग्ण दिलेले होते, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. रुग्णालयाच्या परिचर्येविषयी विचारण्यासारखा पहिला प्रश्न मला तोच वाटतो, आणि त्याचे उत्तर कळल्यावर प्रेमळपणा व उद्धटपणा यांविषयीच्या बऱ्याचशा तक्रारींचा खुलासा आपोआप होतो.

वॉर्डात तीस खाटा होत्या आणि त्या बहुतेक वेळ भरलेल्या असत. सकाळी आठ ते दुपारी दोन आणि दुपारी दोन ते रात्री आठ या दोन्ही ड्यूट्यांना इनचार्ज सिस्टर वगळून पाच परिचारिका असत, म्हणजे एकीकडे सहा रुग्ण. रात्री आठ ते सकाळी आठ या बारा तासांसाठी दोनच असत, म्हणजे एकीकडे पंधरा.

दिवसाचे काम पाहताना समाधान वाटले, हे आधी सांगायला हवे. सकाळच्या ‘ओव्हर’ला, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवताना, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही सिस्टर नर्सिंग स्टेशनवर न थांबता प्रत्येक खाटेपाशी येत, ड्रेनमध्ये (शस्त्रक्रियेच्या जागेतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) किती द्रव जमला, लघवी किती झाली, वेदनेचे औषध केव्हा दिले, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) केव्हा बदलली, हे सारे रुग्णासमोर सांगितले जाई, आणि येणाऱ्या सिस्टर कॅन्युलाच्या जागेभोवती स्वतः बोटाने दाबून सूज किंवा दुखरेपणा नाही ना, हे पाहत. आईला रक्त द्यायचे ठरले तेव्हा दोन सिस्टरनी मिळून पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट आणि मनगटावरच्या पट्टीवरचे नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिले, आणि रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्यांच्यापैकी एक जण खाटेपाशीच उभ्या राहिल्या, कारण विसंगत रक्ताची गंभीर प्रतिक्रिया बहुधा सुरुवातीच्या काही मिनिटांतच दिसू लागते. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचे ते स्पायरोमीटर नावाचे उपकरण आईला नीट जमेना, तेव्हा ‘आजी, फुंकायचं नाही, ओढायचं’ असे म्हणत एका सिस्टरनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले, आणि खोकताना टाक्यांवर उशी धरायलाही शिकवले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग पुरेसा फुलत नाही आणि तेथे संसर्गाला वाव मिळतो. म्हणून वरवर किरकोळ वाटणारे हे शिकवणे महागड्या प्रतिजैविकाइतकेच मोलाचे असते.

याच सिस्टर काही दिवसांनी रात्रीच्या ड्यूटीवर आल्या. त्यांच्या बोलण्यातला ओलावा कमी झालेला नव्हता, पण स्पायरोमीटरची चौकशी झाली नाही. रात्री दहाचे प्रतिजैविक साडेअकरानंतर मिळाले. इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधावर देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेने मात्रा तपासून सही करायची असते. दुसऱ्या सिस्टर वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला शस्त्रक्रियेहून नुकताच आलेला रुग्ण खाटेवर घेण्यात गुंतलेल्या, त्यामुळे औषध आधी दिले गेले आणि सही मागाहून झाली. यात कोणाचा निष्काळजीपणा शोधायला गेलो तर काहीच सापडणार नाही. तीच व्यक्ती, तेच शिक्षण, तोच रुग्ण. बदलला होता तो फक्त सहाचा पंधरा झालेला आकडा.

या आकड्याचा अर्थ मिनिटांत मांडला तर तो अधिक स्पष्ट होतो. सहा तासांच्या ड्यूटीत सहा रुग्ण म्हणजे प्रत्येकाला दर तासाला दहा मिनिटे. बारा तासांत पंधरा रुग्ण म्हणजे दर तासाला चार. या चार मिनिटांतच औषध तयार करणे, ते देणे, सलाईन बदलणे, लिहिणे, डॉक्टरांना फोन करणे, प्रयोगशाळेतून अहवाल मागवणे, नव्या रुग्णाची भरती करून घेणे आणि स्वतः पाणी पिणे हे सारे बसवायचे असते. शिवाय रुग्ण समान हप्त्यांत वेळ मागत नाहीत. एकाची प्रकृती बिघडली की तो अर्धा-पाऊण तास एकटाच घेतो, आणि त्या वेळात उरलेल्या चौदा जणांना कोणीही नसते.

टीपीआर चार्टवरील, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदतक्त्यावरील, श्वसनाचा रकाना हा या दृष्टीने फार बोलका आहे. तापमान आणि रक्तदाब यंत्र सांगते, नाडीचा वेग बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर दिसतो. श्वास मात्र छातीकडे पाहून, घड्याळ लावून, शक्यतो पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. पंधरा रुग्णांचा श्वास रात्रीतून तीनदा मोजायचा म्हटले तरी पंचेचाळीस मिनिटे केवळ तेवढ्यालाच लागतात. ती मिळत नाहीत, म्हणून रुग्ण बरा दिसतो आहे ना, एवढे पाहून रकाना अंदाजाने भरला जातो. एका रात्री दोनच्या सुमारास आईचा श्वास भराभर चालला आहे असे वाटून मी तो मोजला. मिनिटाला २६ भरला. चार्टवर दहाच्या नोंदीत १८ होते. मागे पाहत गेलो तर रात्रीच्या प्रत्येक नोंदीत १८ होते, आणि शेजारच्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या चार्टवरही १८. मोजलेले श्वास इतके एकसारखे येत नाहीत. दिवसाच्या नोंदींत १६, २०, १७, २२ असे चढउतार दिसत होते.

हा तपशील क्षुल्लक नाही. रुग्णाची प्रकृती खालावू लागली की रक्तदाब घसरण्याच्या पुष्कळ आधी श्वासाचा वेग वाढतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणांकनात मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असतील तर त्या एकाच मोजमापाला सर्वाधिक, म्हणजे तीन गुण मिळतात आणि डॉक्टरांनी तातडीने रुग्ण पाहावा असा संकेत त्यातून निघतो. अंदाजाने लिहिलेल्या १८ ला शून्य गुण मिळतात. म्हणजे इशारा देणारी पद्धत कागदावर हजर असूनही ती मुकी होते, आणि हे सारे कोणाला न कळता घडते, कारण चार्ट तर पूर्ण भरलेला असतो.

मी बेल वाजवली. वीस-पंचवीस मिनिटे कोणी आले नाही. पलीकडच्या एका रुग्णाच्या जखमेतून रक्तस्राव सुरू झाला होता आणि दोन्ही सिस्टर तेथे होत्या, हे नंतर समजले. त्या आल्यावर मात्र एक क्षणही वाया गेला नाही: ऑक्सिजनचे प्रमाण ९१ भरले, ऑक्सिजन लावला गेला, खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली गेली, निवासी डॉक्टरांना बोलावले गेले, आणि पहाटेच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनियाची सुरुवात दिसली. औषध बदलले आणि आई बरी झाली. तो संसर्ग रात्रीच्या मनुष्यबळामुळेच झाला असे मी म्हणणार नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तो उत्तम रुग्णालयातही होतो. पण तो लक्षात यायला नातेवाईक जागा असावा लागला, हे मात्र मनुष्यबळाचेच फलित आहे.

शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवणे आणि उद्भवलेली गुंतागुंत वेळीच न ओळखल्यामुळे रुग्ण दगावणे, या दोन गोष्टी वैद्यकीय संशोधनात वेगवेगळ्या मोजल्या जातात. पहिली बरीचशी रुग्णाच्या वयावर आणि आजारावर अवलंबून असते. दुसरी मात्र रुग्णालयावर अवलंबून असते, आणि तिचा परिचारिकांच्या संख्येशी असलेला संबंध गेली पंचवीस वर्षे सातत्याने दिसत आला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये आणि दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. चारांऐवजी आठ रुग्ण असतील तर ती वाढ ३१ टक्क्यांपर्यंत जाते. याच गटाने २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांमधील सुमारे सव्वाचार लाख रुग्णांचा अभ्यास मांडला, आणि तेथेही एका वाढीव रुग्णामागे ७ टक्के हाच आकडा आला. वेगळे देश, वेगळ्या आरोग्यव्यवस्था आणि उत्तर तेच, हे पाहून मला तरी शंकेला फारशी जागा उरलेली वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. ज्या रुग्णालयात परिचारिका अधिक असतात तेथे यंत्रे, डॉक्टर, व्यवस्था हे सारेच बरे असण्याचा संभव असतो. मग श्रेय परिचारिकांच्या संख्येलाच का द्यायचे? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर जॅक नीडलमन यांच्या २०११ मधील अभ्यासात मिळते. त्यांनी वेगवेगळ्या रुग्णालयांची तुलना न करता एकाच मोठ्या रुग्णालयाच्या ४३ विभागांतील सुमारे पावणेदोन लाख ड्यूट्या पाहिल्या. इमारत, यंत्रे, डॉक्टर तेच; फक्त काही ड्यूट्यांत ठरलेल्यापेक्षा मनुष्यबळ कमी होते. अशा प्रत्येक तोकड्या ड्यूटीगणिक रुग्णाच्या मृत्यूचा धोका २ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि ज्या ड्यूटीत रुग्णांची ये-जा फार होती तिच्यात ४ टक्क्यांनी. दुसरा मुद्दा माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. मोजणी करताना रुग्णालये बहुधा एका ठरावीक वेळी खाटांवर किती रुग्ण आहेत तेवढेच पाहतात. पण सकाळी तिघांचा डिस्चार्ज झाला आणि दुपारी त्याच खाटांवर तीन नवे रुग्ण आले तर खाटा तेवढ्याच राहतात आणि काम मात्र दुप्पट होते.

काम अंगावर येते तेव्हा परिचारिका काय सोडते, याचाही अभ्यास झालेला आहे, आणि या वॉर्डात रात्री जे दिसले ते त्याच्याशी तंतोतंत जुळते. औषध सोडले जात नाही, कारण त्याची सही असते. डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी सोडली जात नाही, कारण सकाळच्या राउंडला तिचा अहवाल विचारला जातो. सुटते ते असे काम, ज्याची कोणी चौकशी करत नाही: दर दोन तासांनी कूस बदलणे, रुग्णाला धरून चालवणे, तोंडाची स्वच्छता, पाण्याचा आणि लघवीचा हिशेब, घाबरलेल्या माणसापाशी दोन मिनिटे बसणे, घरी गेल्यावर काय करायचे ते समजावून सांगणे. या कामांची अनुपस्थिती त्या रात्री दिसत नाही. ती काही दिवसांनी माकडहाडावरच्या बेडसोरच्या, पायात झालेल्या रक्ताच्या गुठळीच्या किंवा पुन्हा भरती व्हावे लागण्याच्या रूपाने दिसते, आणि तेव्हा तिचे खापर रुग्णाच्या वयावर फुटते.

रुग्णालयाने ही पोकळी दोन मार्गांनी भरून काढलेली आहे आणि दोन्ही मार्ग मला आक्षेपार्ह वाटतात. पहिला मार्ग म्हणजे रात्री मावश्या आणि वॉर्डबॉय यांची संख्या वाढवणे. मावश्यांचे काम मोलाचे आहे आणि त्या नसत्या तर रात्रीची स्थिती आणखी बिकट झाली असती, यात वाद नाही. परंतु त्यांना परिचारिकांसारखाच निळा गणवेश दिलेला असल्यामुळे नातेवाइकाला वाटते की रात्रीसुद्धा वॉर्डात पाच-सहा सिस्टर फिरत आहेत. आईची सलाईन थांबली तेव्हा निळ्या गणवेशातील ज्यांना मी हाक मारली, त्यांनी सरळ सांगितले की त्यांना तिला हात लावायची परवानगी नाही. युरोपातील रुग्णालयांच्या २०१७ मधील एका अभ्यासात दर २५ रुग्णांमागे एका प्रशिक्षित परिचारिकेच्या जागी एक सहायक ठेवल्यास मृत्यूची शक्यता २१ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. माणसांची एकूण संख्या तीच ठेवून तिच्यातील परिचारिकांचे प्रमाण घटवणे ही म्हणूनच नुसती आकड्यांची सफाई ठरते.

दुसरा मार्ग म्हणजे नातेवाईक. दिवसा भेटण्याच्या वेळेबाहेर थांबू न देणारे हेच रुग्णालय रात्री मात्र ‘एक जण थांबायलाच हवे’ असा आग्रह धरते. मी कूस बदलली, मी लघवीची पिशवी भरल्याचे सांगितले, मी सलाईन संपत आल्याचे सांगितले, आणि शेवटी श्वासही मीच मोजला. प्रेमाने हे सारे कोणीही करील. पण ज्या रुग्णाला रात्री थांबणारे कोणी नाही त्याचे काय, हा प्रश्न रुग्णालयाने स्वतःला विचारलेला दिसत नाही. पलीकडच्या खाटेवर असे एक गृहस्थ होते. त्यांची बेल अधिक वेळा वाजे, आणि म्हणून सकाळपर्यंत ते ‘त्रास देणारे पेशंट’ ठरलेले असत.

येथे आम्हा नातेवाइकांविषयीही एक गोष्ट नोंदवतो. औषधाच्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला आपण सर्रास हाक मारतो. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे औषध देण्याचे काम पाहून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पंधरा रुग्णांचे मिळून पंधरा नातेवाईक, आणि प्रत्येकाने एकदाच विचारले तरी व्यत्यय पंधरा. दिवसाच्या ड्यूटीत औषध देणाऱ्या सिस्टरला हाक मारली तर दुसऱ्या कोणी तरी पुढे होत. रात्री तशी दुसरी कोणी नसे.

डबल ड्यूटीचा प्रकारही येथे पाहायला मिळाला. सकाळची बदली आली नाही म्हणून रात्र काढलेल्या सिस्टर दुपारपर्यंत थांबल्या, आणि इनचार्ज सिस्टरनी त्याबद्दल त्यांचे जाहीर कौतुक केले. कौतुक करण्यापेक्षा काळजी करण्यासारखी ही गोष्ट आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या कामाच्या नोंदींवर आधारलेल्या २००४ मधील एका अभ्यासात साडेबारा तास किंवा अधिक लांबलेल्या ड्यूटीत चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढलेली होती. या रुग्णालयाची रात्रीची ड्यूटी मुळातच बारा तासांची आहे. ‘ओव्हर’ देऊन निघेपर्यंत ती मर्यादा रोजच ओलांडली जाते. अशा वॉर्डात नोकरी टिकत नाही, यात नवल नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्याच अभ्यासात एका वाढीव रुग्णामागे परिचारिका मनाने थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली होती. एक जण सोडून गेली की उरलेल्यांच्या वाट्याचे रुग्ण वाढतात आणि मग दुसरी सोडते.

तर मग किती परिचारिका असाव्यात? याची उत्तरे ठिकठिकाणी दिली गेली आहेत. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये झालेला कायदा २००४ पासून अमलात आला. तेथे सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांपेक्षा अधिक आणि अतिदक्षता विभागात दोनांपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत, आणि हे प्रमाण रात्रीलाच नव्हे तर परिचारिका जेवायला गेलेली असतानाही पाळावे लागते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांची मर्यादा घातली. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजांसाठी ३० टक्के राखीव, असे प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये सरसकट सक्तीचे प्रमाण नाही, परंतु तेथील आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये दिवसा एका परिचारिकेमागे आठांहून अधिक रुग्ण असतील तर अपाय होण्याचा धोका वाढतो, असे स्पष्ट बजावले. रात्री कमी मनुष्यबळ लागते हे क्वीन्सलँडनेही मान्य केले आहे, कारण रात्री राउंड नसतात, तपासण्यांसाठी ने-आण नसते. पण सात वेगळे आणि पंधरा वेगळे.

एवढ्या परिचारिका ठेवणे परवडत नाही, हे व्यवस्थापनाचे नेहमीचे उत्तर असते. क्वीन्सलँडच्या अनुभवाचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांना प्रमाण लागू केले त्यांत मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कमी राहिले, रुग्णांचा मुक्काम आखूड झाला, आणि त्यातून वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. एक अडचण मात्र खरी आहे, ती म्हणजे परिचारिका मिळण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ मध्ये ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. नुसता कायदा करून माणसे निर्माण होत नाहीत, हे मान्य. पण या वॉर्डात दिवसा पाच आणि रात्री दोन अशी विभागणी ज्यांनी केली, त्यांना परिचारिका मिळाल्या नव्हत्या असे म्हणता येत नाही. त्यांनी त्या राउंडच्या वेळी, डॉक्टर आणि पाहुणे वॉर्डात असताना दिसतील अशा ठेवल्या होत्या.

आईला डिस्चार्ज मिळाल्यावर मी रुग्णालयाला सविस्तर पत्र लिहिले, त्यात दिवसाच्या सिस्टरची प्रशंसा केली आणि रात्री एका परिचारिकेमागे किती रुग्ण ठेवण्याचे धोरण आहे, असे विचारले. उत्तर सौजन्यपूर्ण होते. सर्जिकल विभागाच्या साठ खाटांसाठी चौतीस परिचारिका नेमलेल्या असून ‘दोन रुग्णांमागे एकीहून अधिक’ असे उत्तम प्रमाण आम्ही राखतो, असे त्यात म्हटले होते. हा आकडा खोटा नाही, पण तो पगारपत्रकाचा आहे, वॉर्डाचा नाही. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठवड्याला ४८ तास काम करते असे धरले तर एक जागा अहोरात्र चालवायला साडेतीन परिचारिका लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी ३० टक्के राखीव धरल्या तर साडेचारांहून थोड्या अधिक. या हिशेबाने चौतीस जणींपैकी कोणत्याही क्षणी सरासरी साडेसात जणी कामावर असतात. साठ खाटांच्या दोन वॉर्डांत मिळून दिवसा दहा ठेवल्या की रात्रीला चार-पाचच उरतात. दोनांमागे एक म्हणून जाहिरात केलेले प्रमाण रात्री पंधरांमागे एक होते ते असे.

ज्यांना या किंवा अशा रुग्णालयात रुग्णाला न्यायचे आहे त्यांना माझा सल्ला असा की, ज्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी जाता येते तिच्यासाठी निःशंकपणे जावे. दिवसाचा वॉर्ड उत्तम आहे. जेथे मुक्काम अटळ आहे, रुग्ण वयस्कर आहे किंवा आतड्याची, सांध्याची अशी मोठी शस्त्रक्रिया आहे, तेथे भरतीच्या काउंटरवर ‘एकूण परिचारिका किती’ असे न विचारता ‘आज रात्री या वॉर्डात खाटा किती आणि नोंदणीकृत परिचारिका किती’ असे विचारावे, आणि शक्य तर रात्री नऊनंतर एकदा स्वतः जाऊन पाहून यावे. स्पेशल रूम घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या खोल्यांनाही रात्री त्याच दोन सिस्टर असतात आणि बंद दारामुळे रुग्ण त्यांच्या नजरेआड मात्र जातो.

रुग्णालयाच्या उत्तराला मी पुन्हा पत्र पाठवून रात्रीचा आकडा वेगळा मागितला आहे. तो अद्याप मिळालेला नाही. मिळाला आणि रात्री एकीकडे आठांहून अधिक रुग्ण दिले जाणार नाहीत असे लेखी आले, तर रात्रीचे आणि व्यवस्थापनाचे गुण मी याच ठिकाणी बदलेन. दिवसाच्या सिस्टरचे साडेचार मात्र तसेच राहतील.